गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र: फॉर्मवर सही करण्याआधी काय विचारावं?

घुमट (धागाकर्ता)

गोव्यातल्या पर्वरीतली सोसायटी, १४० फ्लॅट. येत्या रविवारी आमसभा आहे. विषयपत्रिकेवर पाचवा विषय, 'मुख्य गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र बसवणे'. त्याआधीच फॉर्म फिरायला लागलाय. घरातल्या प्रत्येकाचे तीन फोटो (समोरून, डावीकडून, उजवीकडून), आधारची झेरॉक्स, आणि कामवालीचंही तेच सगळं. खाली एकच ओळ: 'वरील माहिती सोसायटीने वापरण्यास माझी हरकत नाही.' माहिती कुठे ठेवणार, किती दिवस, कोण बघणार, याबद्दल अवाक्षर नाही.

कमिटीचं म्हणणं, चोऱ्या थांबतील आणि एक वॉचमन कमी करता येईल. माझा यंत्राला सरसकट विरोध नाही. सभेत कोणते प्रश्न विचारायचे ते जाणकारांनी सांगावं. 'तुम्हाला लपवायचंय काय?' हे कृपया इथे नको, ते ग्रुपवर होऊन गेलंय.

पावणेसहा

पहिला प्रश्न: पदेर (सकाळी भोंगा वाजवत येणारा पाववाला) आत कसा येणार?

तांबडी_माती

भोंगा हाच त्याचा पासवर्ड. अख्ख्या वाड्याला माहीत आहे, तरी आजवर कुणी चोरलेला नाही.

खाजनकाठ

यंत्र आत काय करतं ते आधी सांगतो, म्हणजे प्रश्न आपोआप सुचतील.

कॅमेरा चेहरा पकडतो, सरळ करतो आणि त्याची आकड्यांची एक माळ बनवतो, बहुधा १२८ किंवा ५१२ आकड्यांची. एका माणसाची माळ साधारण २ किलोबाइट. तुमच्याकडे ४५० माणसं धरली तर अख्ख्या सोसायटीचे चेहरे एक मेगाबाइटच्या आत बसतात. म्हणजे एका ईमेलला जोडून बाहेर जाऊ शकतात. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहऱ्याचं काय करणार?

गेटवर आलेल्या माणसाची माळ यंत्र साठवलेल्या प्रत्येक माळेशी ताडून बघतं. फोन उघडताना एकाची एकाशी तुलना होते, गेटवर एकाची सगळ्यांशी. खरी गोम इथे आहे. समजा एका तुलनेत चुकून जुळण्याची शक्यता लाखात एक. ऐकायला छान वाटतं. पण अनोळखी माणूस आला की ४५० तुलना होतात. ४५० भागिले १,००,००० म्हणजे ०.४५ टक्के, साधारण २२० अनोळखी लोकांमागे एकाला गेट उघडणार. तेच दहा हजारात एक असेल तर दर बावीस-तेविसाव्याला. विक्रेता '९९.९ टक्के अचूक' म्हणाला की विचारायचं: किती चेहऱ्यांच्या यादीवर, आणि कुठली चूक मोजून?

दुसरी चूक उलटी, ओळखीच्याला न ओळखण्याची. ४५० जण दिवसातून दोनदा आत-बाहेर गेले तर ९०० वेळा. दोन टक्के नकार धरले तरी रोज १८ जण गेटवर तोंड वर करून उभे. पावसाळ्यात, रेनकोटची टोपी घालून.

दुपारची_न्हीद

इतकं बाऊ करण्यासारखं त्यात काय आहे कळत नाही. विमानतळावर चेहरा दाखवून लोक आत जातातच ना? डिजियात्रा सगळे वापरतात. सोसायटीच्या गेटवर आलं की लगेच मानवी हक्क!

खाजनकाठ

@दुपारची_न्हीद, उदाहरण चांगलं दिलंत, त्यातला फरकच बघा. डिजियात्रा डिसेंबर २०२२मध्ये दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला सुरू झाली. तिची घोषित रचना अशी: ओळखीची माहिती प्रवाशाच्याच फोनमध्ये राहते, विमानतळाला त्या प्रवासापुरती दिली जाते आणि विमान सुटल्यावर २४ तासांत पुसली जाते. शिवाय ती ऐच्छिक आहे, नको असेल त्याच्यासाठी शेजारी साधी रांग असते. ती रचना प्रत्यक्षात कितपत पाळली जाते यावर वाद घालता येईल, पण निदान रचना तरी आहे. घुमटबाबांच्या फॉर्मात यातलं एकही वाक्य आहे का?

फोंडेकर_वायरमन

सॉफ्टवेअरवाल्यांनी सांगितलं, आता भिंतीवरचं ऐका.

गेट पश्चिमेकडे असेल तर संध्याकाळी पाच ते सहा यंत्र आंधळं. हातात फोटो धरून कुणी फसवू नये म्हणून चांगल्या यंत्रात दोन भिंगं असतात, एक साधं आणि एक इन्फ्रारेड. फोनच्या पडद्यावरचा फोटो इन्फ्रारेडमध्ये काळा दिसतो म्हणून पकडला जातो. पण उन्हातही इन्फ्रारेड असतंच. थेट ऊन भिंगावर आलं की ते भिंग पांढरं होतं. उपाय: यंत्राचं तोंड उत्तरेला, वर निदान चार फुटी छज्जा, भिंग जमिनीपासून साधारण दीड मीटरवर. शाळकरी मुलं आणि व्हीलचेअरवरचे त्या उंचीत बसत नाहीत, त्यांच्यासाठी कार्ड द्यावंच लागतं.

कुलूप. चुंबकी कुलपाला बंद राहायला सतत करंट लागतो. ६०० पौंडांचं कुलूप १२ व्होल्टवर साधारण अर्धा ॲम्पियर खातं, यंत्र आणखी एक ॲम्पियर. दीड ॲम्पियरला ७ ॲम्पियर-तासाची बॅटरी कागदावर साडेचार तास, प्रत्यक्षात तीन-साडेतीन. दोन-तीन वर्षांनी त्याच्या निम्मी. जूनमध्ये झाड तारांवर पडलं आणि बॅटरीही संपली की गेट आपोआप उघडं, कारण चुंबकी कुलूप करंट गेला की सुटतं. ते तसंच हवं, आग लागली तर माणसं आत अडकता कामा नयेत. बाहेर पडायचं बटण थेट कुलपाचा करंट तोडणारं असावं, सॉफ्टवेअरला विचारून नव्हे.

आणि हे कुणी सांगत नाही: स्वस्त यंत्रात कुलूप उघडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) यंत्राच्याच पोटात असतो, आणि यंत्र गेटच्या बाहेरच्या भिंतीवर. चार स्क्रू काढून मागच्या दोन तारा जोडल्या की झालं, चेहरा लागतच नाही. रिले वेगळा, वॉचमनच्या केबिनमध्ये, हे टेंडरात लिहून घ्या.

अर्थिंग मे महिन्यात मोजा. जांभ्याच्या खडकात ऑगस्टला रोधाचं रीडिंग सुंदर कमी येतं, मे महिन्यात खड्डा कोरडा पडला की तेच कितीतरी पटीने वाढतं. आणि विजा नेमक्या मे आणि ऑक्टोबरमध्ये. गेटपासून ब्लॉकपर्यंतची लांब तांब्याची केबल ही अँटेनाच समजा. तिथे फायबर टाका. खाऱ्या हवेत नेटवर्कच्या पिना हिरव्या पडतात. त्याच केबलीतून यंत्राला करंट जात असेल तर आणखी लवकर, कारण ओल आणि डीसी करंट एकत्र आले की तांबं झिजतंच.

पावणेसहा

आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचा पुतळा गेटवर आला तर?

तांबडी_माती

त्याचा चेहरा दरवर्षी बदलतो. प्रत्येक वेळी नवीन नोंदणी, वर्गणीच्या पावतीसह.

नुस्त्याची_वाट

एक वेगळी बाजू. आता गेटवर जी वही असते ती काय फार पवित्र आहे? नाव, फोन नंबर, कुठल्या फ्लॅटला, किती वाजता. पुढचा येणारा मागच्या वीस जणांचे नंबर वाचू शकतो. एकटी राहणारी बाई कोण, तिच्याकडे कोण येतं, सगळं उघडं. वही भरली की रद्दीत. यंत्र नको म्हणणारे वहीबद्दल कधी बोलत नाहीत. नीट बसवलेलं यंत्र वहीपेक्षा बरं असू शकतं.

अबोली_फाती

@नुस्त्याची_वाट, वहीबद्दल शंभर टक्के सहमत. पण वहीत कामवालीचं नाव एका ओळीत असतं आणि पान उलटलं की विसरलं जातं. यंत्रात तिचा वर्षभराचा तक्ता तयार होतो. किती वाजता आली, किती वेळ थांबली, कुठल्या दिवशी नाही आली. तो तक्ता सुरक्षेसाठी म्हणून गोळा होतो आणि महिन्याच्या शेवटी पगार कापायला वापरला जातो. काही ॲपांत तर कामवाल्यांना ताऱ्यांमध्ये गुण देतात. तिने किती गुण मिळवले ते सगळ्या ब्लॉकला दिसतं. मालकिणीला गुण द्यायची सोय मात्र कुठेच नसते.

फॉर्मवर तिच्यासाठी सही कोण करणार? मालकच करतो. फोटो नको म्हणायचं तर काम सोडायचं, एवढाच तिचा पर्याय. त्यामुळे ठरावात सरळ असं हवं: कामगारांसाठी कार्ड, आणि येण्याजाण्याची नोंद पगाराच्या हिशेबाला वापरली जाणार नाही.

दुसरं, यंत्र सगळ्यांना सारखं ओळखत नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने डिसेंबर २०१९मध्ये जवळपास दोनशे अल्गोरिदम तपासून अहवाल दिला. त्यांतल्या अनेकांत चुकीच्या जुळणीचं प्रमाण लोकसमूहानुसार दहा ते शंभर पटींनी बदलत होतं. बायका, म्हातारी माणसं आणि मुलं यांच्यात ते जास्त आढळलं. आधी २०१८मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणारी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअरं तपासली होती. गोऱ्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या बायकांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. चाचणी वेगळ्या कामाची होती, पण शिकवायला वापरलेल्या फोटोंत जे कमी, त्यांच्याबाबत यंत्र जास्त चुकतं हे त्यातून दिसलं. उन्हात कामं करून आलेल्या बाईला गेटवर तीनदा उभं करणार आणि चेअरमनना सलाम ठोकणार, असं यंत्र आपल्याला हवंय का?

दुपारची_न्हीद

हे मान्य. पण मग वॉचमन तरी कुठे सगळ्यांना सारखं वागवतो? गाडीतून आलेल्याला सलाम, पायी आलेल्याला 'खंय वता?' (कुठे जातोस?)

अबोली_फाती

वॉचमनला दोन शब्द सुनावता येतात, समजावता येतं. यंत्रापुढे 'मीच आहे रे बाबा' म्हणून उपयोग नाही.

वकिलीण_बाय

कायद्याचं थोडक्यात, कारण ग्रुपांवर अर्धवट माहिती फिरते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, पण बहुतेक जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७च्या सुमारास लागू होतात. 'अजून लागू नाही ना' म्हणून कमिटी हात झटकेल. आज बसवलेलं यंत्र तेव्हाही गेटवर असणार आहे, एवढंच त्यांना सांगा.

माहिती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी, समजून-उमजून आणि बिनशर्त दिलेली असेल तरच ती संमती. दुसरा रस्ताच ठेवला नाही तर सही असूनही ती संमती लंगडी. दिलेली संमती देताना होती तितक्याच सोप्या रीतीने काढून घेता आली पाहिजे. काम संपलं की माहिती पुसली पाहिजे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सोसायटीला कुणी तेवढा लावणार नाही, पण कमिटीला जाग आणायला हा आकडा पुरतो. घरगुती वापराची सूट व्यक्तीला आहे. तिच्या आधारावर सोसायटीला सुटता येणार नाही.

आधारच्या झेरॉक्सची गरज नाही. आधारच्या संकेतस्थळावरून झाकलेलं आधार उतरवता येतं, त्यात पहिले आठ आकडे लपलेले असतात. कार्डावरचा क्यूआर अधिकृत ॲपने तपासता येतो. बघून परत द्या, कपाटात ठेवू नका. भाडेकरूची पोलीस पडताळणी ही वेगळी गोष्ट, तिचा गेटवरच्या चेहऱ्याशी संबंध नाही.

घुमट

वकिलीणबाय, वायरमनबाब, देव बरें करूं. एक गोष्ट सांगायची राहिली: आमच्याकडे वीसेक फ्लॅट पर्यटकांना भाड्याने जातात. दर आठवड्याला नवीन माणसं. विक्रेता म्हणतो, पाहुण्यांचे चेहरेही फोनवरून आधीच भरता येतील.

खाजनकाठ

अरे देवा. हे आधी सांगायला हवं होतंत, कारण सगळं गणितच बदलतं.

वीस फ्लॅट, प्रत्येकी चार पाहुणे, दर आठवड्याला ८० नवे चेहरे. कुणी पुसले नाहीत (आणि पुसत नाहीत, कारण पुसणं हे कुणाचंच काम नसतं) तर वर्षात ४,१६०. त्यात तुमचे ४५०, झाले ४,६१०. वरचाच लाखात एक हिशेब लावा: अनोळखी माणूस चुकून आत जाण्याची शक्यता ४.६ टक्के. दर बावीस अनोळखी माणसांत एक. यंत्र तेच, फक्त यादी फुगली. शिवाय मागच्या डिसेंबरात चार दिवस राहून गेलेला माणूस पुढच्या डिसेंबरातही ऐटीत आत येईल, तोही अगदी अचूक ओळखला जाऊन.

पाहुण्यांना मुदतीचा आकडी कोड द्या, निघायच्या दिवशी अकरा वाजता आपोआप मरणारा. चेहरा मुळीच नको.

अजून एक, हा सगळ्यात महत्त्वाचा. यंत्राच्या सेटिंगमध्ये जुळणीची पातळी ठरवणारा एक आकडा असतो, थ्रेशोल्ड. पहिल्या पावसात तक्रारी येतात, दुरुस्तीवाला येतो, तो आकडा ८० वरून ६५ वर आणतो. तक्रारी बंद, चेअरमन खूश. चुकीच्या जुळण्या त्याबरोबर किती वाढल्या ते कुणीच बघत नाही, कारण ज्याला चुकून आत घेतलं तो तक्रार करत नाही. ठरावात घाला की हा आकडा दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीशिवाय बदलायचा नाही आणि बदल रजिस्टरात लिहायचा.

पावणेसहा

'ज्याला चुकून आत घेतलं तो तक्रार करत नाही.' हे नोटीस बोर्डावर लावा.

नुस्त्याची_वाट

कमिटीला चोऱ्या थांबवायच्या आहेत ना? बंद फ्लॅटमधल्या चोऱ्यांना गेटवरच्या यंत्राने काय होणार? मागच्या कंपाउंडची भिंत किती फूट आहे ते कुणी विचारलं का?

घुमट

पाच फूट. आणि फणसाचं झाड तिला टेकलेलं.

तांबडी_माती

फणसाला थ्रेशोल्ड नसतो.

फोंडेकर_वायरमन

मग पैसे मागच्या बाजूला घाला. दोन दिवे, दोन कॅमेरे, फांद्या छाटणे. डिस्कचा हिशेब: ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा २ मेगाबिट वेगाने दिवसाला २१.६ जीबी भरतो. एकूण आठ कॅमेरे धरले तर तीस दिवसांचे ५.२ टीबी, ६ टीबीची डिस्क घ्या. पंधरा दिवस पुरत असतील तर ४ टीबीत आरामात. जास्त दिवस ठेवू नका, जेवढं साठवाल तेवढं सांभाळावं लागतं.

कॅमेऱ्याचा पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. २०१६मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. मोबाइलवर दिसावं म्हणून राउटरात पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडू देऊ नका. एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाचाचणीचं प्रमाणपत्र लागतं, ते मागा.

वकिलीण_बाय

त्यात भर. रेकॉर्डरचं घड्याळ महिन्यातून एकदा तपासा. वेळ चाळीस मिनिटांनी चुकलेली असेल तर फुटेज कोर्टात उलटतं. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा हॅश (फाइलवरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहावा लागतो. म्हणजे फुटेज काढतानाच हॅश काढून ठेवायचा, नंतर व्हॉट्सॲपवरून फिरलेली फाइल चालत नाही, कारण व्हॉट्सॲप ती दाबून छोटी करतो आणि हॅश बदलतो.

दुपारची_न्हीद

बरं, मी थोडा माघार घेतो. पण यंत्र हवं असणारेही आहेत. दोन्ही हातांत पिशव्या, पोर कडेवर, अशा वेळी चेहऱ्याने गेट उघडलं तर सोयीचंच आहे. ज्यांना हवं त्यांना द्या की.

खाजनकाठ

अगदी. ऐच्छिक ठेवलं तर साठ-सत्तर चेहरेच राहतील आणि वरचं सगळं गणित सुधारेल. नको म्हणणाऱ्यांमुळे हो म्हणणाऱ्यांची सुरक्षा वाढते, हे सभेत जरूर सांगा. कार्ड मात्र १२५ किलोहर्ट्झचं घेऊ नका, त्याची नक्कल काही सेकंदांत होते. १३.५६ मेगाहर्ट्झचं, एन्क्रिप्शन असलेलं घ्या. त्यातलंही मायफेअर क्लासिक हे जुन्या प्रकारचं कार्ड २००८मध्येच फुटलंय, डेसफायर प्रकारचं मागा.

घुमट

सगळं वाचून ठरावाला ही दुरुस्ती लिहिलीय, चुका काढा:

'मुख्य गेटवर कार्डाने उघडणारी व्यवस्था सर्वांसाठी बसवावी. चेहऱ्याची सोय केवळ लेखी मागणाऱ्या प्रौढ रहिवाशांना द्यावी. चेहऱ्याची माहिती केबिनमधल्या यंत्रातच राहील, विक्रेत्याच्या सर्व्हरवर जाणार नाही. फ्लॅट सोडल्यावर किंवा मागणी केल्यावर सात दिवसांत पुसून तसं लेखी कळवलं जाईल. पाहुण्यांना मुदतीचा कोड. कामगारांना कार्ड, आणि त्यांच्या नोंदी पगारासाठी वापरल्या जाणार नाहीत. येण्याजाण्याच्या नोंदी तीस दिवसांनी पुसाव्यात. थ्रेशोल्ड दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीनेच बदलेल. आधारची प्रत कुणाकडूनही घेऊ नये.'

फॉर्मवर सही केलेली नाही. हेच जोडून परत देणार आहे.

वकिलीण_बाय

'माहिती' च्या जागी 'फोटो व त्यावरून बनलेले आकडे' लिहा. नाहीतर फोटो पुसतील आणि आकडे ठेवतील. आणि ज्यांनी आधीच सही करून फॉर्म दिलाय त्यांचे फोटो आणि झेरॉक्स परत करण्याचं कलम घाला, ते गठ्ठे आता कुणाच्या तरी घरी पडले असतील.

फोंडेकर_वायरमन

बॅटरी दर दोन वर्षांनी बदलायची, कोणी आणि कुठल्या खात्यातून, तेही लिहा.

अबोली_फाती

आणि वॉचमन कमी करणार होते, त्याचं काय झालं?

घुमट

तो राहतोय. पदेराला गेट कोणीतरी उघडायला हवं ना.